पुढच्या कडेपासून

मंगळवारी सकाळी सव्वादहाला आम्ही ऑफिसात अर्धवर्तुळ करून उभे होतो, काल काय केलं आणि आज काय करणार हे एकेकाने सांगायचं चाललं होतं, आणि माझी पाळी यायला तिघं बाकी असताना खिशातला मोबाइल वाजला. मी चोरून पाहिलं. ‘तुमच्या आकड्याप्रमाणे तोल साधला. विमान हातातून सुटलं ते सरळ नाकावर पडलं. आठ महिन्यांचं काम होतं. आकडा तपासा.’ खाली नाव नाही, नुसतं टोपणनाव : कागदी. माझी पाळी आली तेव्हा मी ‘काल केलं तेच’ असं म्हणालो, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जागेवर येऊन मी त्या माणसाला उत्तर लिहिलं : ‘कृपया आपली मोजमापं पुन्हा एकदा तपासून पाहावीत.’ ‘कृपया’ आणि ‘पाहावीत’ लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. असल्या तक्रारी महिन्याला दोन-तीन येतात. कोणी इंचात मोजून सेंटिमीटरच्या रकान्यात भरतो, कोणी बॅटरी न बसवताच वजन करतो, आणि विमान पडलं की खापर माझ्या डोक्यावर. पण या माणसाने शिवी दिली नव्हती. शिवी दिली असती तर मी ते पत्र विसरून गेलो असतो.

ज्या आकड्याची ही तक्रार होती तो देणारा माझा कॅल्क्युलेटर म्हणजे इंटरनेटवरचं एक पान आहे, त्याहून जास्त काही नाही. रिमोटवर उडणारं विमान घरी बनवायचं असेल तर पंखाची लांबी, धडापाशी त्याची रुंदी, टोकाशी रुंदी, टोक मागे किती झुकलंय आणि एकूण वजन एवढं भरायचं. मग ते पान सांगतं की शेपूट केवढं हवं, किती वेगाच्या खाली विमान हवेतून कोसळेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोल कुठे साधायचा. विमान ज्या एका रेघेवर धरलं असता ना पुढे कलतं ना मागे, ती रेघ चुकली की बाकीचं सगळं बरोबर असून उपयोग नसतो. चार वर्षं रोज पहाटे उठून, ऑफिसच्या आधीचा दीड तास मी या पानावर घातला. ऑफिसात मी लिफ्ट दुरुस्तीच्या तक्रारींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तक्रार येते, कोणीतरी जातं, लिफ्ट चालू होते, तक्रार बंद होते, आणि या साखळीत माझं काय असतं ते मला सोळा वर्षांत उमगलेलं नाही. या पानावर मात्र चार हजार माणसं येतात. ती कुठे कुठे राहतात ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या बाल्कन्यांत, गॅरेजांत, पलंगाखाली माझ्या आकड्यांवर बेतलेली विमानं उभी राहत असतात.

मला स्वतःला विमान उडवता येत नाही. ही गोष्ट मी पानावर कुठे लिहिलेली नाही. विमान लांब जात असेल तोवर ठीक, पण ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि माझे अंगठे ऐन वेळी उलटं काम करतात. बाबांची तीन विमानं मी पाडली. ते एकदाही रागावले नाहीत. तुकडे गोळा करून पिशवीत भरायचे आणि वाटेत दुसरंच काहीतरी बोलायचे, तेच मला लागायचं. ते पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. शंभर मीटरच्या पुलात नखाएवढी चूक त्यांना खपायची नाही, पण विमानाचा तोल मात्र ते बोटांवर बघायचे. दोन तर्जन्या पंखांखाली घालून विमान उचलायचे, डोळे मिटायचे, बोटं सूतभर पुढेमागे करायचे आणि म्हणायचे, हं, इथे. मी विचारायचो, इथे म्हणजे किती? ते म्हणायचे, किती काय, इथे. त्या ‘इथे’चा मला फार राग होता. ज्याला बोटं मिळालेली नाहीत त्याने काय करायचं? मी आकडा शोधून काढला. चार वर्षांच्या पहाटा त्या ‘इथे’च्या मागे घालवल्या असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग थोडा डावाही. त्यानंतर एका दुपारी त्यांनी फोन करून, घसा साफ करून, जसं काही शेजाऱ्याचं काम सांगतायत अशा आवाजात विचारलं, ‘तुझ्या त्या पानावर तोल निघतो म्हणे?’ मी एवढा हरखलो की त्यांनी हे कशामुळे विचारलं असेल याचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला वाटलं, मी जिंकलो. पानावर एक चित्र हवं होतं, कुठून काय मोजायचं ते दाखवणारं, ते मी त्यांनाच काढायला सांगितलं. त्यांनी आठ दिवस बसून शाईने काढलं. मी त्याचा फोटो काढून पानावर लावला, आणि बायकोला म्हणालो की बघ, बाबांची रेघ अजून कशी आहे.

आता नव्या विमानाची गोष्ट. आजवर बाबांनी सरळ पंखांची विमानं केली. या खेपेला पंख मागे झुकलेले. वर्षभर त्यावर काम चाललं होतं. मध्यंतरी बाबांच्या विमान क्लबच्या सेक्रेटरीने, ज्यांना गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळे शिट्टीच म्हणतात, मला मैदानावर बाजूला घेतलं. ‘काकांच्या हाताकडे बघवत नाही रे. रिमोट धरून उभे असतात तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. उद्या कोणाच्या डोक्यात गेलं तर उत्तर मला द्यावं लागेल.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की रविवारी बाबांनी नवं विमान सगळ्यांसमोर उडवून दाखवायचं. नीट उडालं, उतरलं, तर कोणी काही बोलणार नाही. नाही तर त्यांनी रिमोट खाली ठेवायचा. बसायला यावं, बोलायला यावं, उडवायचं नाही. बाबांना हे मीच सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. आई गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात रविवार सकाळ एवढी एकच वेळ अशी उरली होती की तिची ते वाट पाहत, आणि ती कोणीतरी त्यांच्याकडून काढून घेईल असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

आणि पंधरा दिवसांपूर्वीचा तो फोन. कागदीचं पत्र वाचल्यापासून तो फोन मला दिवसातून दहा वेळा ऐकू येत होता. बाबा म्हणाले, ‘तोल पुढच्या कडेपासून पाच पूर्णांक एकवर म्हणतंय तुझं पान. तिथे आणायचा तर नाकात पावणेदोनशे ग्रॅम शिसं घालावं लागतंय. एवढं मी जन्मात घातलं नाही. पुन्हा एकदा बघशील का?’ मी तेव्हा एका लिफ्टच्या तक्रारीत गळ्यापर्यंत बुडालो होतो. पुन्हा आकडे भरले, पुन्हा पाच पूर्णांक एक आलं. मी म्हणालो, ‘बाबा, गणित आहे ते. तुमच्या बोटांसारखं नाही की आज इथे, उद्या तिथे.’  मग ते म्हणाले, ‘नाही, तसं नाही. तू बघितलंयस ना, मग झालं.’ फोन ठेवताना मला वाटलं की आपण बोललो ते थोडं जास्त झालं. रात्री फोन करू असं मी ठरवलं आणि केला नाही.

मंगळवार ते शनिवार मी चूक शोधत होतो. शोधत होतो म्हणजे काय करत होतो ते सांगायला गेलं तर हसू येईल. सूत्र कागदावर पहिल्यापासून मांडलं : बरोबर. दुसऱ्या पद्धतीने मांडलं : तेच उत्तर. पानाच्या पोटात मी स्वतःच लिहून ठेवलेल्या एकेचाळीस चाचण्या आहेत, त्या चालवल्या : एकेचाळीसच्या एकेचाळीस हिरव्या. पुन्हा चालवल्या. हिरव्या. त्या हिरव्या रंगाचा मला इतका वीट आला की बुधवारी दुपारी डबा उघडल्यावर त्यातली पालेभाजी बघून मी डबा बंद केला. चूक आहे आणि सापडत नाही, हे मी समजू शकतो, तेच तर माझं पोटापाण्याचं काम आहे. पण चूक नाहीच, सगळं बरोबर आहे, आणि तरी कुठल्याशा बाल्कनीत बसून बनवलेलं कोणाचं तरी विमान नाकावर पडलंय, याला काय करायचं? मी कागदीला मोजमापं पाठवायला सांगितलं. त्याने उत्तर दिलं नाही. मी मनातल्या मनात त्याला कधी आळशी ठरवलं, कधी खोटारडा, आणि गुरुवारी बसमध्ये उभा असताना असंही ठरवलं की तो म्हातारा असणार आणि त्याचा हात थरथरत असणार. हे ठरवल्यावर मला हलकं वाटलं. मग हे वर्णन कोणाचं आहे ते लक्षात आलं, आणि माझा स्टॉप मागे गेला.

शनिवारी दुपारी मी बाबांकडे गेलो. दोन खोल्या, त्यातली एक विमानाने भरलेली. पिवळा कागद ताणून बसवलेले पंख, सांधे इतके नेटके की बोट फिरवलं तरी कळू नयेत. तोल बघायला त्यांनी दोन पेन्सिली उभ्या करून एक घोडी बनवली होती आणि विमान तिच्यावर पाच पूर्णांक एकच्या खुणेवर ठेवलं होतं, अगदी आडवं, स्थिर. ‘बोटांवर नाही बघितलंत?’ मी विचारलं. ‘घोडी बरी,’ बाबा म्हणाले. ते खुर्चीत बसले होते आणि गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात आपला आपण हलत होता. त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला. त्या क्षणी कागदीबद्दल सांगायला हवं होतं. उद्याचं राहू द्या, मला एका आठवड्याची सवड द्या, असं म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार? एकेचाळीस हिरव्या चाचण्या? शिवाय शिट्टीने दिलेला रविवार हुकला असता तर ते म्हणाले असते की काकांनी माघार घेतली. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि हेही खरं आहे की बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आकड्यावर काहीतरी ठेवलं होतं आणि मला ते तसंच बघत उभं राहायचं होतं. मी चहा केला, आम्ही प्यायलो आणि मी घरी आलो.

रविवारी सकाळी साडेसहाला मी पुन्हा ते पान उघडून बसलो होतो. बायको तिचा चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. ती कपड्यांच्या कारखान्यात नमुने कापते. तिच्या पेपर पॅटर्नवरून पुढे हजार शर्ट शिवले जातात. ती म्हणाली, ‘हे चित्र बाबांनी काढलेलं ना? यात बाण पंख धडाला चिकटतो तिथल्या कडेपासून निघतोय. तुझं गणितही तिथूनच मोजतं ना?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे टेप कुठे धरायची? आमच्याकडे बाहीची लांबी कोणी खांद्यापासून मोजतं, कोणी मानेपासून. आकडा बरोबर असतो आणि बाही आखूड होते.’

मी चित्राकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. माझं गणित पंखाच्या सरासरी रुंदीच्या रेघेपासून मोजतं, आणि ती रेघ असते पंखाच्या साधारण मध्यावर. तिथल्या पुढच्या कडेपासून पाच पूर्णांक एक. पंख सरळ असेल तर मधली कड आणि धडापाशी असलेली कड एकाच ओळीत येतात, कुठूनही मोजा. पंख मागे झुकला की मधली कड मागे जाते. बाबांच्या विमानात ती चार पूर्णांक दोन सेंटिमीटर मागे गेलेली होती. तोल हवा होता नऊ पूर्णांक तीनवर. गणित बरोबर होतं, चित्रही बरोबर होतं, पट्टी हातात घेणारा कोणीही माणूस धडापासूनच मोजेल म्हणून बाबांनी बाण तिथून काढला होता. दोन्ही एकत्र मी ठेवली होती. 

आणि मग मी काय केलं ते सांगतो. मी पान दुरुस्त केलं. उत्तरात ती चार पूर्णांक दोनसारखी भर घालणाऱ्या तीन ओळी लिहिल्या, झुकलेल्या पंखांच्या चार नव्या चाचण्या घातल्या, चालवल्या, पंचेचाळीस हिरव्या, आणि दुरुस्त पान वर चढवलं. चाळीस मिनिटं लागली. सोळा वर्षांच्या नोकरीने अंगात भिनवलेली गोष्ट ही की आधी दुरुस्त करायचं आणि मग सांगायचं, कारण दुरुस्त झालेली चूक सांगणं सोपं असतं. बायकोने दोनदा म्हटलं, ‘आधी बाबांना फोन लाव.’ मी म्हटलं, ‘लावतो, दोन मिनिटं.’ लावला तेव्हा फोन बंद होता. मैदानावर पाऊल ठेवलं की मोबाइल बंद करायचा हा क्लबचा जुना नियम आहे, आता कोणी पाळत नाही, बाबा पाळतात.

मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. मैदानाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा शिट्टी विमान डोक्यावर धरून धावत होते. मी ओरडलो, पण मोटरच्या आवाजात ते कोणाच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही. विमान हातातून सुटलं, दहा-बारा पावलं सरळ गेलं, आणि मग त्याने नाक खाली घातलं. बाबा पाठमोरे होते. त्यांचे दोन्ही कोपर अंगाशी घट्ट, खांदे किंचित मागे, रिमोटवरची काठी शेवटपर्यंत ओढून धरलेली हे मला मागूनही कळत होतं. विमान ऐकत नव्हतं. ते ऐकणार कसं, त्याच्या नाकात पावणेदोनशे ग्रॅम माझं शिसं होतं. पिवळा कागद गवतात फाटला त्याचा आवाज मात्र मोठा आला.

मी पोचलो तेव्हा सात-आठ जण गोळा झाले होते आणि बाबा शांतपणे सांगत होते, ‘हात हलला माझा.’

‘नाही,’ मी म्हणालो. धाप लागली होती. ‘हात नाही. आकडा चुकीचा होता. माझ्या पानावरचा. मला आज सकाळी सापडलं.’ आणि मी सगळं सांगितलं. रेघ, कड, चार पूर्णांक दोन, सगळं. फार भराभर सांगितलं. शिट्टी ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी माया उमटत चालली होती ती बघून मला काय होतंय ते समजलं. ‘कळतं रे,’ ते म्हणाले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. ‘माझे वडील असते तर मीही हेच म्हटलं असतं.’

मी मोबाइल काढला, पान उघडलं, बाबांच्या विमानाची मापं भरली. आमच्या डोळ्यांसमोर पानाने उत्तर दिलं : नऊ पूर्णांक तीन. बाबांनी खिशातून त्यांची वही काढली. तिच्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : पाच पूर्णांक एक. शिट्टीने आधी मोबाइल पाहिला, मग वही पाहिली, आणि वही अलगद मिटून बाबांच्या हातात दिली.

‘मी बदललंय ते,’ मी म्हणालो. ‘तासाभरापूर्वी. जुनं घरी आहे, दाखवतो. आणखी एकाचं विमान असंच पडलंय, हे बघा पत्र.’ शिट्टीने कागदीचं पत्र वाचलं. ‘हेही काकांच्याच वयाचे कोणी असतील,’ असं म्हणून ते हसले, आणि इतरही हसले, चांगल्या मनाने. ‘पाठव ना जुनं, सावकाश बघू.’

‘बाबा, तुम्ही सांगा ना. फोनवर काय बोलणं झालं होतं आपलं?’

बाबा मोबाइलकडे बघत होते. चष्मा वर करून, डोळ्याजवळ धरून त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. ‘आता बरोबर दाखवतंय,’ ते म्हणाले. ‘नऊ पूर्णांक तीन. इथेच वाटलं होतं मला.’ मग वही खिशात घालत म्हणाले, ‘मीच चुकीचं उतरवून घेतलं असेल. हल्ली होतं असं.’ मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांना माझी लाज राखायची होती की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखता आलं नाही, आणि दोन्हींत जास्त वाईट कुठलं तेही ठरवता आलं नाही. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण जितकं मोठ्याने सांगावं तितका मी चांगला मुलगा ठरत होतो.

शिट्टीने गाडीतून रजिस्टर आणलं. उडवणारे सभासद एका पानावर, नुसते येणारे दुसऱ्या पानावर. त्यांनी फार अदबीने दुसरं पान उघडलं आणि बॉनेटवर ठेवलं. बाबांनी गळ्यातला रिमोटचा पट्टा काढून माझ्याकडे दिला, पेन मागून घेतलं आणि वाकून सही केली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. पेन कागदाला टेकलं तसा तो स्थिर झाला. तीन अक्षरं, त्यांच्याखाली एक लांब रेघ, पट्टीने ओढावी तशी, कुठेही कंप नाही. काम करताना त्यांचा हात हलतच नव्हता, आणि हे बघायला मला दोन वर्षं लागली होती. मी शिट्टीकडे वळलो, पण ते रजिस्टर बॉनेटवरच्या दवाने भिजत नाहीये ना ते बघत होते. बाबांनी पेन परत दिलं आणि ते सरळ उभे राहिले. रिकामा झालेला हात पुन्हा थरथरायला लागला, आणि तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.